कॉर्नर लॉट की मधला लॉट? न्यू जर्सीत घर घेण्याआधीचा हिशेब

एकाच वसाहतीतले, सारख्याच मापाचे, किमतीलाही जवळपास सारखे दोन लॉट. एक कोपऱ्यावर, दुसरा रांगेत मध्ये. पुण्या-नाशकाकडून आलेल्या माणसाचं मन आधी कोपऱ्याकडे ओढ घेतं. दोन बाजूंनी रस्ता, भरपूर उजेड, एका अंगाला शेजारी नाही. तिकडे बिल्डर कॉर्नर प्लॉटचे पैसे जास्त लावतो ते काही उगाच नाही. इथे मात्र टाउनशिपचे नियम त्या दुसऱ्या रस्त्याची किंमत वेगळ्या मार्गाने वसूल करतात. माझा कल मधल्या लॉटकडे आहे आणि आम्ही घेतलाही तोच. तरी कोपरा घेणारा चुकतो असं मी म्हणणार नाही. काय सोडतोय ते त्याला आधी ठाऊक असावं, एवढंच.

पहिली गोष्ट, फुटपाथपर्यंतची हिरवळ आपली नसते. रस्त्याची हद्द समजा ५० फूट आहे आणि त्यातलं डांबर २८ फूट. उरलेले २२ फूट दोन्हीकडे निम्मे वाटले गेले, म्हणजे कर्बपासून ११ फूट टाउनशिपचे. गवताची पट्टी, फुटपाथ आणि रस्त्याकडेचं झाड या ११ फुटांत येतं. गवत कापायचं आपण, पण ते झाड तोडायला परवानगी लागते. सेटबॅक, म्हणजे बांधकामापर्यंत मोकळं सोडायचं अंतर, मोजायचा तो या हद्दीपासून, कर्बपासून नाही. ३० फुटांचा सेटबॅक म्हणजे प्रत्यक्षात घर कर्बपासून ४१ फूट आत. घर दाखवणारे सहसा कर्बपासून हात पसरून दाखवतात, त्यावर जाऊ नका. सर्व्हेच्या नकाशावरची हद्दीची रेघच खरी.

आता कोपरा. बऱ्याच टाउनशिपांच्या नियमांत कॉर्नर लॉटला दोन फ्रंट यार्ड धरतात, म्हणजे दोन्ही रस्त्यांकडून पुढचा सेटबॅक सोडायचा. १०० बाय १२५ फुटांचा लॉट घ्या. पुढे ३०, मागे ३५, बाजूंना १०-१० असा नियम असेल तर मधल्या लॉटवर बांधता येण्याजोगा चौकोन ८० बाय ६०, म्हणजे ४,८०० चौरस फूट. तोच लॉट कोपऱ्यावर असेल तर एका बाजूचे १० फूट जाऊन तिथे ३० येतात. उरतात ६० बाय ६०, म्हणजे ३,६००. जमीन तेवढीच, प्रॉपर्टी टॅक्सही काही खास कमी नाही, पण एक चतुर्थांश जागा हातची गेली. पुढे सनरूम काढायची असेल किंवा आईबाबांसाठी खालच्या मजल्यावर एक खोली वाढवायची असेल, तेव्हा हे १,२०० फूट आठवतात. काही ठिकाणी दुसऱ्या रस्त्याकडचा सेटबॅक कमी असतो, १५ किंवा २० फूट. काही ठिकाणी कॉर्नर लॉटची किमान रुंदीच जास्त ठेवलेली असते, म्हणून नुकसान तेवढं जाणवत नाही. आकडे प्रत्येक झोनचे निराळे, तेव्हा वरचं गणित आपल्या झोनच्या तक्त्यातले आकडे घालून पुन्हा मांडा.

पण माझ्यासाठी निकाल लागला तो बांधकामावरून नाही, फेन्सवरून.

मागच्या अंगणात सहा फुटी फेन्स बहुतेक ठिकाणी चालते. फ्रंट यार्डमध्ये मात्र साधारण तीन ते चार फूटच, तीही बहुतेक ठिकाणी निम्मी उघडी हवी, म्हणजे पिकेट चालेल, सलग फळ्या नाहीत. आणि कॉर्नर लॉटचं दुसरं फ्रंट यार्ड घराच्या बाजूने थेट मागच्या हद्दीपर्यंत जातं. परिणाम असा की वरच्या उदाहरणातल्या १०० बाय ३५ फुटांच्या मागच्या अंगणातला रस्त्याकडचा ३० बाय ३५ चा तुकडा, म्हणजे १,०५० चौरस फूट, सहा फुटी फेन्सच्या बाहेर राहतो. शिवाय शेड, झोपाळ्याची चौकट, स्विमिंग पूल या गोष्टी फ्रंट यार्डात सहसा चालत नाहीत, म्हणून त्याही उरलेल्या ७० फुटांत कोंबायच्या. जे आपण मागचं अंगण समजतो त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा कायद्याच्या लेखी दर्शनी भाग ठरतो. तिथे सकाळी चहा घेऊन बसलात तर कुत्रा फिरवणारा प्रत्येक जण हात करून जाणार. काहींना ते आवडतं, नाकारत नाही. मला अंगणाला आडोसा हवा.

यावर झाडांची भिंत हा उपाय सगळे सुचवतात. आर्बोव्हिटी या सदाहरित झाडाची रांग लावा, दोन-तीन वर्षांत पडदा तयार. त्यात दोन अडचणी. काही टाउनशिप कुंपणासारख्या लावलेल्या झाडांनाही फेन्सचाच उंचीचा नियम लावतात, म्हणून आधी विचारावं. दुसरं, ‘ग्रीन जायंट’ जात वर्षाला तीन फुटांपर्यंत वाढते तशी आडवीही सुटते, पसारा १२ फुटांच्या वर जातो. हद्दीच्या रेघेवर लावलीत तर ती फुटपाथवर येणार आणि छाटायची नोटीसही. खोड हद्दीपासून किमान सहा-सात फूट आत हवं. ‘एमरल्ड ग्रीन’ अंगाने बारीक राहते, पण हरणं ती आवडीने खातात. ग्रीन जायंटला त्या मानाने कमी तोंड लावतात.

ऐन कोपऱ्यावर आणखी एक बंधन आहे, दृष्टीच्या त्रिकोणाचं. दोन रस्त्यांच्या कडांवर कोपऱ्यापासून साधारण २५ ते ३० फूट मोजून ती टोकं जोडली की जो त्रिकोण होतो, त्यात ३० इंचांपेक्षा उंच काही ठेवायचं नाही, आणि झाडाच्या फांद्याही वर उचललेल्या हव्यात. कारण साधं. रस्त्याच्या आखणीत गाडी चालवणाऱ्याचा डोळा साडेतीन फुटांवर धरतात. झुडूप त्याच्या खाली राहिलं तरच येणारी गाडी दिसते. काउंटीच्या रस्त्याला लागून लॉट असेल तर त्रिकोण मोठा असू शकतो आणि त्याचं ईझमेंट (आपल्या जागेवरचा दुसऱ्याचा हक्क) नकाशावर नोंदलेलं असतं. हा नियम मला जाचक वाटत नाही. आपल्याकडेही कोपऱ्याच्या प्लॉटची कंपाउंड वॉल ऐन कोपऱ्यालगत बुटकीच ठेवायला लावतात, पाळतं किती जण ते सोडा.

स्टॉप साइनबद्दल लोक उगाच घाबरतात किंवा उगाच खूश होतात. चौकात दोनच बाजूंना थांबायचं असेल तर चारपैकी दोनच कोपऱ्यांवर खांब असतो, आणि टी-जंक्शनला दोनपैकी एकावर. गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे थांबणाऱ्याच्या उजव्या हाताचा कोपरा तो खांबाचा. तो आपला आहे का हे आधी पाहा. असेल तर ब्रेक लागल्याचा आणि लगेच ॲक्सिलरेटर दाबल्याचा आवाज खिडकीपाशी येणार. स्कूल बसचा थांबाही बऱ्याचदा कोपऱ्यावरच असतो. पाटी ३० इंची, तिची खालची कड वस्तीच्या भागात जमिनीपासून सात फुटांवर, आणि खांब रस्त्याच्या हद्दीत, म्हणजे आपण तो हलवू शकत नाही. आज नसलेली स्टॉप साइन उद्या मागून घेऊ, गाड्या हळू जातील, असा बेत करून कोपरा घेऊ नये. वेग कमी करण्यासाठी स्टॉप साइन वापरू नये असं वाहतूक चिन्हांची देशभरची नियमपुस्तिकाच सांगते, आणि चारही बाजूंना थांबा लावायचा तर वाहनसंख्या, अपघात, दृष्टीचे अडथळे असा अभ्यास लागतो. शिवाय जिथे थांबायचं कारण दिसत नाही तिथे लोक नुसते वेग कमी करून निघून जातात आणि पुढच्या पट्ट्यात वेळ भरून काढतात.

(टी-जंक्शनच्या समोरचं घर हा तिसराच प्रकार. वास्तुवाले रस्त्याचा वेध म्हणतात. मला त्यात रात्री बेडरूमच्या भिंतीवर फिरणारे हेडलाइट दिसतात. दोघांचा सल्ला एकच पडतो.)

पार्किंगमध्ये कोपरा खरं तर थोडा पुढे आहे. न्यू जर्सीत स्टॉप साइनपासून ५० फूट आणि क्रॉसवॉकपासून २५ फुटांच्या आत गाडी लावता येत नाही, फायर हायड्रंटपासून १० फुटांत नाही. एवढं वजा करूनही कोपऱ्याच्या दोन्ही रस्त्यांकडच्या मिळून २२५ फुटांच्या कडेला मधल्या लॉटच्या १०० फुटांपेक्षा जास्त गाड्या बसतात. गणपतीला तीस माणसं जेवायला येणार असतील तर हे मोलाचं. फक्त रस्ता अरुंद असेल तर एकाच बाजूला पार्किंग असू शकतं. कारण आगीच्या बंबाला २० फूट मोकळी वाट लागते. ती बाजू कोणती हे पाट्या वाचून ठरवा.

त्याच २२५ फुटांचा दुसरा हिशेब जानेवारीत. चार फुटी फुटपाथ आणि सहा इंच बर्फ धरला तर मधल्या लॉटला २०० घनफूट उपसावा लागतो, कोपऱ्याला ४५०. त्यात कोपऱ्यावरच्या रॅम्पवर बर्फ ढकलणारी गाडी दोन्ही रस्त्यांचा ढीग आणून टाकते, आणि तो ढीग भुसभुशीत नसतो, दाबलेला असतो. बर्फ किती तासांत काढायचा ते टाउनशिप ठरवते. मुळांनी उचललेल्या फुटपाथच्या लाद्यांचा खर्चही बऱ्याच ठिकाणी घरमालकाच्या माथी.

कोपऱ्याच्या बाजूने प्रामाणिकपणे काय? ड्राइव्हवे कमी वर्दळीच्या रस्त्यावर काढता येतो, गॅरेज बाजूला घेता येतं, तिसऱ्या बाजूनेही खिडक्यांना उजेड मिळतो, आणि एक शेजारी कमी. आईवडिलांसाठी वेगळं दार हवं असेल तर कोपऱ्यावर ते छान बसतं. मुलं मोठी झालेली, पूल नको, फेन्स नको, बागेची हौस आहे आणि ती लोकांनी पाहावी असंही वाटतं, तर कॉर्नर लॉट घ्यावा. डॅलसकडच्या वसाहतींत कॉर्नर लॉटचं सहा फुटी लाकडी कुंपण बाजूच्या रस्त्यालगत सर्रास दिसतं. तिथे माझा मुख्य आक्षेप बराच बोथट होतो.

व्हेरिअन्स, म्हणजे या नियमांतून सूट, मिळतो, हे खरं आहे. सेटबॅक-फेन्ससारख्या गोष्टींच्या ‘सी’ व्हेरिअन्ससाठी टाउनशिपच्या बोर्डाकडे अर्ज, सर्व्हे, २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी सर्टिफाइड पत्राने किंवा हातोहात नोटीस, शिवाय जाहीर नोटीस. कॉर्नर लॉटच्या फेन्सचे अर्ज बोर्डांना नवीन नाहीत आणि सेटबॅकपेक्षा थोडं पुढे आलेलं, झाडांनी झाकलेलं कुंपण बऱ्याचदा मान्यही होतं. पण फी आणि काही महिने जातात, आणि होकार गृहीत धरता येत नाही.

विकणाऱ्याची सहा फुटी फेन्स आधीच उभी असेल तर जास्त सावध. ती परवान्याने उभी आहे की तशीच, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. ओप्रा कायद्याखाली (सरकारी नोंदी मागण्याचा न्यू जर्सीचा कायदा) टाउनशिप क्लार्ककडे त्या पत्त्याचे फेन्स, शेड आणि पूलचे परवाने व बोर्डाचे ठराव मागा. उत्तराची मुदत सात कामकाजाचे दिवस. एजंटने केलेल्या करारात वकिलाच्या तपासणीला तीनच कामकाजाचे दिवस मिळतात, म्हणजे ऑफर देण्याआधीच हा अर्ज टाकायला हवा. सोबत झोनिंग ऑफिसरला ईमेलने दोनच प्रश्न विचारा: या लॉटला फ्रंट यार्ड किती, आणि दुसऱ्या रस्त्याकडे सहा फुटी फेन्स हद्दीपासून किती आत हवी. उत्तर फोनवर आलं तर लेखी मागून घ्या, आणि ते हाती येईपर्यंत वकिलाला मुदत वाढवून घ्यायला सांगा.