मॉनिटर आयपीएस घ्यावा का व्हीए?

आयपीएस आणि व्हीए हे मॉनिटरच्या पॅनलचे, म्हणजे स्क्रीनचे, दोन प्रकार. कोल्हापुरी चपलांचे फोटो एडिट करून ऑनलाइन टाकायचं काम असेल तर भावा सरळ आयपीएस पॅनलच घे, कारण व्हीएवर समोरून चामड्याचा तो तपकिरी रंग बरोबर दिसतो पण जरा बाजूला सरकलं की तोच फिका पडतोय, मग शेड नक्की कुठली धरायची? व्हीएचा काळा मात्र लै भारी, कॉन्ट्रास्ट (सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातला फरक) साधारण ३०००:१, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास, त्यामुळं रात्री लाइट बंद करून पिक्चर बघायला व्हीएच.

कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानात गेलास तर एसआरजीबी (ऑनलाइन फोटोंसाठी वापरतात ती ठराविक रंगश्रेणी) ९९ टक्के लिहिलंय का बघ, नुसत्या '१.६७ कोटी कलर'वर भुलू नको, ते स्वस्तातल्या मॉनिटरवर पण असतंय. आणि चालू करून बाजूनं बघितल्याशिवाय पैसे देऊ नको.