स्वराज द्वीपावरील डाइव्ह सेंटर : एकटीने पूर्ण केलेल्या ओपन वॉटर अभ्यासक्रमाचा अनुभव

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात आमची धानाची शेती आहे. खरिपाच्या धानाची मळणी आटोपल्यावर आणि उन्हाळी धानाची रोवणी लागण्याआधी जे थोडे दिवस मोकळे मिळतात, त्यांत या वर्षी मी एकटीने अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा सुरुवातीचा अभ्यासक्रम पूर्ण केला. ज्या केंद्रात शिकले ते स्वराज द्वीपाच्या, म्हणजे २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटाच्या, पूर्व किनाऱ्यावर आहे. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण या व्यवसायात इन्स्ट्रक्टर वारंवार बदलतात आणि माझे समाधान व माझी तक्रार या दोन्ही गोष्टी मला लाभलेल्या माणसांशी निगडित आहेत. एकटीने जाणाऱ्या बाईने अशा केंद्रात काय तपासावे, हे मात्र मी आता खात्रीने सांगू शकते.

दिवाळीनंतर मी तीन केंद्रांना फोन केले. पहिल्या केंद्राने दर सांगितला आणि आगाऊ रक्कम कोणत्या खात्यात भरायची तेही लगेच सांगितले. दुसऱ्याने चार दिवसांचा अभ्यासक्रम तीन दिवसांत उरकून देण्याची तयारी दाखवली, आणि शेवटच्या डाइव्हनंतर त्याच संध्याकाळी विमान पकडले तरी काही होत नाही, असेही वर सांगितले. तिसऱ्या केंद्राने दराआधी मला परतीच्या विमानाची वेळ विचारली. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासात घेतल्याने नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडावा लागतो. त्याआधीच विमानातल्या कमी दाबात गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो. म्हणून अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, असा संकेत आहे. तिसऱ्या केंद्राने १८ ऐवजी पूर्ण एक दिवस कोरडा ठेवण्यास सांगितले आणि त्याशिवाय आणखी एक दिवस राखून ठेवायला लावले. मी तेथेच नाव नोंदवले. राखून ठेवलेला तो दिवस पुढे खरोखरच उपयोगी पडला.

आरोग्याच्या प्रश्नावलीबद्दल आपल्या भागातील वाचकांना थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. तिच्यातला पहिलाच प्रश्न फुप्फुसे, श्वसन, हृदय आणि रक्त यांच्या तक्रारींविषयी असतो. विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार किती घरांत आहे हे आपल्याला ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ एसएस, म्हणजे रुग्ण आहे आणि मी एएस, म्हणजे वाहक आहे. मला स्वतःला कधी त्रास झालेला नसल्यामुळे त्या प्रश्नाला सरळ ‘नाही’ लिहिता आले असते, परंतु शरीरात पाणी कमी होणे आणि ऑक्सिजन कमी पडणे या दोन्ही गोष्टी सिकलसेलमध्ये घातक असल्याचे घरातच पाहिलेले असल्याने मी फोनवर ते सांगितले. केंद्राने डॉक्टरांची सही असल्याखेरीज पाण्यात उतरवणार नाही, असे स्पष्ट कळवले. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून, पाणी भरपूर पिण्याच्या आणि दमेपर्यंत श्रम न करण्याच्या अटीवर सही दिली. मला मिळालेली सही माझ्यापुरती आहे. तिच्या आधारावर दुसऱ्या कोणी स्वतःचा निर्णय घेऊ नये. ज्यांनी अद्याप सिकलसेलची चाचणी केलेली नाही त्यांनी ती प्रवासाची तिकिटे काढण्याआधी करून घ्यावी, ही कळकळीची विनंती.

गोंदियाहून हावड्यापर्यंत रेल्वे, कोलकात्याहून विमान आणि शेवटी बोट असा माझा प्रवास झाला. विमानतळाच्या शहराचे नाव आता श्री विजयपुरम आहे, तरी लोकांच्या तोंडी पोर्ट ब्लेअरच असते. तेथून खाजगी बोटीने स्वराज द्वीप सुमारे दीड ते दोन तासांवर आहे. अभ्यासाचा भाग इंग्रजीत होता. तो मी घरीच डाउनलोड करून वाचून काढला होता आणि अडलेले मुद्दे इन्स्ट्रक्टरने हिंदीत समजावून दिले. राहण्याची खोली साधी व स्वच्छ होती, जेवणात रोज भात मिळाला, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात मला सर्दी झाली होती. पहिल्या सकाळी इन्स्ट्रक्टरने नाक दाबून हलका जोर लावायला सांगितले. उजवा कान मोकळा झाला, डावा झाला नाही. त्यांनी लगेच त्या दिवशीचे पाणी रद्द केले. नाक मोकळे करणारी गोळी घेऊन उतरू का, असे मी विचारले, कारण दोन हजार किलोमीटर येऊन किनाऱ्यावर बसून राहणे मला जड जात होते. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की, गोळीचा परिणाम पाण्याखाली असतानाच ओसरला तर कानात अडकलेली हवा वर येताना बाहेर पडू शकत नाही, आणि तेव्हा खाली राहणे व वर येणे दोन्ही कठीण होते. त्या दिवसाचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत. दुपारभर त्यांनी मला झाडाखाली बसवून रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारे साधन, सिलिंडरला जोडायला आणि सोडवायला लावले. अकराव्या खेपेला माझ्या हातांना ते न बघता जमू लागले.

मी पोहायला शिकले ते गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात, पाठीला वाळका भोपळा बांधून. अभ्यासक्रमासाठी २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे आवश्यक असते, ते मला सहज जमले. अडचण झाली ती पायांची. तलावात दमले की पाय खाली सोडून तळ शोधायचा, गाळात अंगठा रुतला की जीवात जीव येतो, ही लहानपणापासूनची सवय. समुद्रात तीच सवय वाईट ठरली, कारण खाली दगडासारखे जे दिसते ते प्रवाळ, म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत असते, आणि फिनच्या, म्हणजे पायांत घालायच्या वल्ह्यासारख्या पात्याच्या, एका फटक्याने वर्षानुवर्षांची वाढ मोडते. माझे पाय खाली जाताना दिसले की इन्स्ट्रक्टर माझ्यासमोर येऊन दोन्ही तळवे आडवे धरत आणि श्वास लांबवण्याची खूण करत. दीर्घ श्वास घेतला की शरीर हलके होऊन वीतभर वर उचलले जाते, श्वास सोडला की तेवढेच खाली येते. हे तिसऱ्या डाइव्हला जमले, तेव्हा माझ्या पोटाखालून हातभर अंतरावर शिंगाच्या आकाराचे प्रवाळ सरकत गेले आणि मी कशालाही स्पर्श केला नाही. त्या क्षणी मास्कच्या आत माझे डोळे भरून आले होते, हे येथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

आता तक्रार. एकटीने प्रवास केला तरी एकटीने डाइव्ह करायचे नसते. सोबत नेमून दिलेला जोडीदार असतो, ज्याला बडी म्हणतात, आणि उतरण्याआधी दोघांनी एकमेकांचे साहित्य तपासायचे असते. माझी बडी चेन्नईहून एकटीच आलेली, माझ्यापेक्षा वयाने मोठी बाई होती. दुसऱ्या दिवशी बोटीवर तपासणी करताना मी रेग्युलेटरमधून श्वास घेतला आणि तिने सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या माझ्या गेजकडे पाहिले, तेव्हा काटा २०० बारवर (बार हे दाबाचे एकक) स्थिर राहण्याऐवजी प्रत्येक श्वासाबरोबर खाली झुकून परत वर येत होता. याचा अर्थ सिलिंडरची झडप पूर्ण उघडलेली नव्हती. पृष्ठभागावर तेवढ्या हवेवर भागते, परंतु १० मीटरवर दाब दुप्पट होतो, प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते आणि ती पुरत नाही. साहित्य बोटीवरच्या मदतनीस मुलाने जोडले होते आणि घाईत झडप अर्धवट राहिली होती. इन्स्ट्रक्टरने डाइव्ह थांबवली, सर्वांची सिलिंडरे पुन्हा तपासली आणि पुढील दिवसांपासून प्रत्येकाने आपले साहित्य स्वतः जोडावे, असा नियम केला. चूक झाकली नाही, हे मी मान्य करते. मात्र आदल्या दुपारी ज्या विद्यार्थिनीला अकरा वेळा जोडणी करायला लावली, तिचे साहित्य दुसऱ्याने जोडावे, असे मुळात होताच कामा नये होते. त्या दिवशी बोटीवर शिकणाऱ्यांची संख्याही चारवरून सहावर गेली होती, आणि घाईचे मूळ मला तेथेच दिसते. नाव नोंदवताना ‘एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण’ हे विचारून ते लेखी घ्यावे.

बाकी उणिवा लहान आहेत. बायकांच्या मापाचे वेटसूट मोजकेच होते, कपडे बदलण्याच्या खोलीची कडी सैल होती आणि भाड्याच्या मास्कवर वाफ धरत असे, त्यामुळे मास्क मात्र स्वतःचा न्यावा, असे मी सुचवेन. साध्या प्रवास विम्यात स्कूबाचा समावेश आहे की नाही, हे पॉलिसी वाचून पाहावे लागते. माझ्या विम्यात तो नव्हता, म्हणून वेगळा विमा काढला. संपूर्ण अभ्यासक्रमाला तीस हजारांच्या आसपास खर्च आला. तो आमच्यासारख्यांसाठी थोडा नाही आणि मी तो दोन हंगाम बाजूला टाकत गेले होते.

शेवटच्या डाइव्हला आम्ही या अभ्यासक्रमाच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे १८ मीटरपर्यंत गेलो. परतताना नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून ५ मीटरवर तीन मिनिटे थांबलो, गेजवर ७० बार शिल्लक होते आणि ५० च्या आत काटा येण्यापूर्वी वर येण्याचा नियम या केंद्राने एकदाही मोडला नाही. पुढच्या वर्षी ३० मीटरच्या अभ्यासक्रमासाठी मी याच केंद्रात जाण्याचे ठरवले आहे. फोन करीन तेव्हा तेच इन्स्ट्रक्टर आहेत का, हे आधी विचारीन, आणि साहित्य कोण जोडते, हे त्यानंतर.