ॲलिसची फॅक्सिमिली घेतली, भिंग लावून बघितली

आधी कबूल करते, पहिली ‘ॲलिस इन वंडरलँड’ स्वस्तातलीच मागवली होती, १८० रुपयांत मिळतेय म्हटल्यावर कोण सोडणार. आली तर सगळ्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या, राणीचा चेहरा म्हणजे नुसता शाईचा डाग. भाचीला रंगवायला देऊन टाकली.

मग पैसे साठवून ‘वंडरलँड’ आणि ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ अशा दोन्ही भागांची फॅक्सिमिली घेतली, म्हणजे मॅकमिलन या प्रकाशकाच्या जुन्या आवृत्तीचं पान जसं होतं तसंच छापलेलं. चित्रकार टेनिएलची चित्रं लाकडावर कोरलेली हे माहीत होतं, पण म्हणजे काय ते भिंग लावल्यावर कळलं. पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारून सावली करणं सोपं हो, पण ठोकळ्यावर शाई लागते ती उंच राहिलेल्या रेघेलाच, त्यामुळे रेघांच्या मधला एकेक बारीक पांढरा चौकोन डॅल्झिएल बंधूंच्या कारागिरांनी बॉक्सवूडच्या कठीण लाकडातून उकरून काढलाय. एकेक! पहिल्या भागात अशी ४२ चित्रं, दुसऱ्यात ५०. (छपाई मात्र थेट लाकडावरून नाही, ठोकळे झिजू नयेत म्हणून त्यांचे तांब्याचे इलेक्ट्रोटाइप, म्हणजे हुबेहूब प्रतिकृती, करून त्यावरून. मूळ ठोकळे १९८५ला लंडनच्या एका बँकेच्या तिजोरीत सापडले.)

सगळ्यात भारी म्हणजे दुसऱ्या भागात ॲलिस आरशात शिरते ते पान. उलटलं की त्याच कागदाच्या मागे ती पलीकडून बाहेर येताना दिसते, म्हणजे कागदच आरसा! मी तीन-चार वेळा नुसतं ते पान उलटत बसले, चहा गार झाला.

टेनिएल छपाईबाबत भयंकर चोखंदळ माणूस होता, १८६५ला पहिल्या २००० प्रतींची छपाई त्याला पसंत पडली नाही म्हणून लेखकाने ती मागे घेऊन पुस्तक नव्याने छापून घेतलं. माझी १८० वाली त्याने बघितली असती तर?

तक्रार दोनच. कागद पातळ आहे, मागचं छापलेलं पुढे दिसतं, आणि बाइंडिंग इतकं घट्ट की आतल्या बाजूची चित्रं बघायला पुस्तक दाबून धरावं लागतं. एक स्टार त्याचा कापला, बाकी चार दिले.

घेणार असाल तर दुकानदाराला आरशाच्या दोन चित्रांचा फोटो पाठवायला सांगा, समोरासमोरच्या पानांवर असतील तर घेऊच नका.