दोन कप्प्यांचा फिरता खत-ड्रम: देवळाच्या अंगणात किती चालतो?

मुंबईतल्या ख्रिस्ती देवळांच्या, म्हणजे चर्चच्या आवारात, ग्रोटोच्या (मरियामातेच्या गुहेच्या) मागे किंवा पार्किंगच्या कडेला, लोखंडी घोडीवर आडवा बसवलेला, ओल्या कचऱ्याचं खत करणारा प्लास्टिकचा ड्रम आता नवलाचा राहिलेला नाही. २०० लिटरचा, मधोमध पडदा, दोन्ही बाजूंना १००-१०० लिटरचे कप्पे, प्रत्येकाला झाकण आणि फिरवायला दांडा. काही ड्रम नीट चालतात. काहींत सुतळीची बंडलं आणि गेल्या नाताळचे दिवे ठेवलेले असतात. ड्रम वाईट नाही. तो चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या कचऱ्यासाठी घेतला जातो, हा खरा घोळ.

महिन्याचं आधी. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ पाळला जातो. साहजिकच ड्रमवर पवित्र पाणी शिंपडायचा मुहूर्त याच पाच आठवड्यांतला निघतो. पण मुंबईत सप्टेंबर म्हणजे पाऊस, दमट हवा आणि झाडाखाली कुजलेला, चिकट पाला. खताला ओल्याइतकाच सुका माल लागतो आणि नेमका तोच तेव्हा नसतो. मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली, फोटो झाले, वेदीवरची फुलं आणि फादरांच्या स्वयंपाकघरातली सालं आत पडली. तीन आठवड्यांत आत आंबट वासाचा लगदा होतो आणि सणाच्या आतच कोणीतरी झाकणाला तार बांधून टाकतं. ड्रम घ्यायचाच तर फेब्रुवारीत घ्या. तेव्हा आवारातला बदाम लाल होऊन पानं टाकतो, ख्रिस्ती उपवासकाळ सुरू करणारा राखेचा बुधवारही आसपास असतो आणि पावसाळ्यासाठी पाला साठवायला तीन-चार महिने हातात राहतात.

बायबलच्या शुभवर्तमानातल्या कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो, तसा ड्रमचाही हिशेब मांडू. विकणारे रोज ८-१० किलो ओला कचरा जिरेल म्हणून सांगतात. कप्पा १०० लिटरचा असला तरी पाऊण भरल्यावर थांबायचं, नाहीतर आतला माल उलटत नाही, नुसता सरकतो. राहिले ७५ लिटर. त्यातला निम्मा सुका. ओल्यासाठी उरले ३७ लिटर, म्हणजे चिरलेला कचरा सुमारे १८ किलो. भरता भरता माल खाली बसत जातो, म्हणून पाच आठवड्यांत एका कप्प्यात ४५-५० किलो जातो. दिवसाला सव्वा ते दीड किलो. तीन-चार फादर आणि स्वयंपाकी यांच्या घराचा भाजीपाल्याचा कचरा आणि रविवारी उतरलेली फुलं, एवढ्याला तो बरोबर पुरतो. रोज १० किलो हवं असेल तर असे सात-आठ ड्रम लागतील, आणि ते फिरवणारा माणूस पगारी असावा लागेल.

फुलांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण देवळातला ड्रम बहुतेक वेळा फुलांमुळेच बिघडतो. निशिगंध, शेवंती, झेंडू, गुलाब हे उत्तम. बादलीभर फुलं आठवड्यात मूठभर होतात. त्रास त्यांच्यासोबत येणाऱ्या सामानाचा. जर्बेराच्या देठाला तार किंवा प्लास्टिकची नळी असते आणि फुलाखाली पारदर्शक टोपी. ऑर्किडच्या देठाला पाण्याची इवलीशी प्लास्टिकची कुपी असते. हारांत नायलॉनचा दोरा, लग्नाच्या सजावटीत चमकी मारलेली नाहीतर रंग फवारलेली पानं. हे सगळं हातानेच काढावं लागतं. दोरा राहिला तर तो आतल्या पात्यांना आणि मधल्या दांड्याला गुंडाळत जातो आणि चौथ्या महिन्यात ड्रम अर्ध्यावर अडतो. मग बाहीपर्यंत हात आत घालून, कात्रीने तो दोरा तुकड्या-तुकड्याने कापत बसायचं.

फुलं खोचायचा ओॲसिसचा हिरवा ठोकळा तर ड्रमजवळही आणू नका. ते मातीसारखं चुरगळतं म्हणून फसायला होतं, पण तो प्लास्टिकचाच फेस आहे. कुजत नाही, भुगा होऊन खतात मिसळतो. वेदी सजवणाऱ्या गटाला पितळी घागर आणि आत चुरगाळून बसवलेली कोंबड्यांची जाळी द्या. देठ ताठ राहतात आणि जाळी धुऊन पुन्हा वापरता येते. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सेमिटरीत (दफनभूमीत) जमलेले हार मेण खरवडून, दोरे काढून मगच घ्यायचे, आणि एका दिवसात सगळे कोंबायचे नाहीत. उरलेला झेंडू ताडपत्रीवर वाळवून पोत्यात भरला की तो सुका माल म्हणून चालतो. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरआधीच्या रविवारी) वाटलेल्या झावळ्या ड्रममध्ये घालायच्याच नाहीत, त्यांचे धागे पात्यांत अडकतात. पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारच्या राखेसाठी लोक त्या परत आणून देतातच.

चालवायची रीत सोपी आहे. तळाला फुलांच्या जाड देठांचा चार बोटं थर, त्यावर घमेलंभर जुनं खत. गूळ-ताक, विकत घेतलेली पावडर हे सगळं ऐच्छिक. जुनं खत असेल तर गरज नाही. त्यानंतर दर वेळी एक डबा ओला, एक डबा चुरलेला पाला, माप तेच. बदामाची पानं अख्खी घातली तर चिकटून त्यांच्या गाद्या होतात, म्हणून पोत्यात भरून पायाने तुडवा. ओल्याचे तुकडे दोन इंचांपेक्षा मोठे नकोत. दोन-तीन दिवसांतून चार-पाच फेरे पुरेत. उत्साहाने रोज वीस फेरे मारले तर एवढ्याशा मालातली ऊब निघून जाते आणि काम लांबतं. पाच आठवड्यांनी पहिला कप्पा बंद करून दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिला तयार होतो.

पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी रोज तीन लिटर पाला धरला तर ३६० लिटर होतो, म्हणजे तांदळाची मोठी पाच पोती दाबून भरलेली. ती मेअखेर कोरड्या जागी रचलेली असली पाहिजेत. जमत नसेल तर सुताराकडचा लाकडाचा भुसा चालतो. प्लायवुडचा नको, त्यात गोंद असतो.

बिघाड ओळखायला नाक आणि मूठ पुरते. मूठभर माल घट्ट पिळला की एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला वाढवा, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या काळ्या ड्रमचं हेच होतं. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही. नाकात झोंबणारा वास म्हणजे ओला माल जास्त, बहुधा मासळीमुळे. बोंबलाची डोकी, खेकड्याची कवचं, मटणाची हाडं यात नकोतच. १०० लिटरच्या कप्प्यात उष्णता फार दिवस टिकत नाही, त्यामुळे रोगजंतू मरतीलच असा भरवसा नाही. लिंबाएवढे गोळे होणं हा फिरत्या ड्रमचा जन्मजात दोष. ते फोडून कोरडा पाला घाला. राखी, चपट्या, जाड अळ्या दिसल्या की बायका किंचाळतात आणि फादर ड्रम हलवायला सांगतात. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या, निरुपद्रवी आणि कामाच्या. चिलटं वाढली तर वर पाल्याचा जाड थर द्या.

विकत घेताना घोडी आणि बोल्ट बघा, ड्रमचा रंग नव्हे. वांद्रे, गोराई, उत्तनकडच्या खाऱ्या हवेत साधे बोल्ट एका पावसाळ्यात गंजून जाम होतात; ३०४ ग्रेडचे स्टीलचे बोल्ट मागा. दोन्ही कप्पे भरल्यावर वजन ७०-७५ किलोपर्यंत जातं, ते पातळ पायांना झेपत नाही. ड्रमखाली घमेलं सरकेल इतकी उंची हवी, नाहीतर खत जमिनीवर सांडूनच काढावं लागतं. सरकत्या झाकणाच्या खाचेत माती बसते आणि ते अडतं, बिजागरीचं बरं. मधला पडदा हाताने हलवून बघा. ढिला असला तर ताजा कचरा तयार खतात मिसळत राहतो. गळणाऱ्या काळ्या पाण्यासाठी ट्रे बहुधा सोबत मिळत नाही, जुनी परात ठेवा.

पॅरिश हॉलसाठी, म्हणजे चर्चच्या समारंभाच्या हॉलसाठी, हा ड्रम घेऊ नका. ३०० पानांच्या लग्नातली उरलेली बिर्याणी, तेल आणि मीठ यांनी तो एका रात्रीत मरतो. तिथे केटररच्या करारातच ताटं मोजून मागवायची अट घाला. पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या २०१५ च्या विश्वपत्राच्या २११ व्या परिच्छेदात खाऊ तेवढंच शिजवण्याचा उल्लेख आहेच. आवारातून रोज १०० किलोंहून जास्त कचरा निघत असेल तर घनकचरा नियमांखाली ओल्याची विल्हेवाट तुमचीच जबाबदारी, आणि ती अशा खेळण्याने भागणार नाही.

शाळेत भाजीचे जाळीदार क्रेट जास्त चांगले. थर दिसतात, मुलं वास घेतात, आणि मधल्या सुट्टीत पन्नास जण मिळून दांडा गरगरवत नाहीत. घरी चौघांच्या कुटुंबाला तीन मडक्यांची उतरंड पुरते. ड्रम गॅलरीत मावणारही नाही.

खत बाहेर काढलं की चाळून तीन आठवडे पोत्यात मुरू द्या. मग एका कुंडीत निम्मं खत, निम्मी माती घालून मेथीचे दहा दाणे पेरा. आठवड्यात सात-आठ उगवले तर सेमिटरीतल्या रोपांना घाला. दोन-तीनच उगवले तर पोतं पुन्हा बांधून आणखी पंधरा दिवस ठेवा.