लाकडी ब्रेल पाटी आणि स्पर्शपुस्तक
आमच्या चार वर्षांच्या दृष्टिहीन लेकीसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून हा संच घेतला. पाटीवर तीन-तीन छिद्रांच्या दोन उभ्या ओळी आहेत. डावीकडच्या वरच्या छिद्रात खुंटी बसवली की ‘अ’, तिच्याखाली दुसरी बसवली की ‘ब’, हे भारती ब्रेलचे, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ठिपक्यांच्या स्पर्शलिपीचे, गणित तिच्या बोटांना आठवडाभरात उमगले आणि मीही ते तिच्याकडूनच शिकले, याचा आनंद फार मोठा आहे. पाटी अवश्य घ्यावी. पुस्तकातला काथ्याचा खरखरीत नारळ ती पुन्हापुन्हा चाचपते, पण शेजारचे ब्रेल ठिपके महिन्याभरात दबून सपाट झाले; नुकत्याच वाचू लागलेल्या बोटांना एक ठिपका लागला नाही तर अक्षरच बदलते, म्हणून जाड कागद वापरायलाच हवा होता. ब्रेलखाली छापील देवनागरी असल्याने आजीही तिच्यासोबत वाचते.