जमिनीखालचे ओढे आणि ओपनस्ट्रीटमॅप

पुण्यातले ओढे आणि जुने नळ, म्हणजे पाणी आणायचे जमिनीखालचे बांधीव मार्ग, नकाशावर उतरवायला मी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला इंटरनेटवरचा नकाशा वापरते, ब्राउझरमध्येच उघडणाऱ्या 'आयडी' या त्याच्या एडिटरमधून. फुकट आहे, दुरुस्ती कुणालाही करता येते. पण मला तो आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. पाणी कसलं आणि ते जातं कशातून, या दोन गोष्टी तो वेगवेगळ्या विचारतो.

आंबिल ओढ्याचंच बघा. वर रस्ता आला, स्लॅब पडली, म्हणून ओढ्याचं गटार होत नाही. नकाशावरच्या प्रत्येक रेघेला माहितीचे रकाने असतात; त्यातल्या 'वॉटरवे'समोर (पाण्याचा प्रकार) 'स्ट्रीम', म्हणजे ओढा, तसंच राहतं. झाकलेला तुकडा तेवढा वेगळा करून त्याला 'टनेल'मध्ये 'कल्व्हर्ट' (मोरी) आणि 'लेयर' (वरचा-खालचा थर) उणे एक द्यायचं. रेघ प्रवाहाच्या दिशेनंच ओढायची, म्हणजे ओढा मुठेपर्यंत सलग राहतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री या ओढ्याला आलेला पूर ज्यांनी पाहिलाय, त्यांना या सलगपणाचं मोल वेगळं सांगायला नको. ओढ्यावरून रस्ता आडवा काढला की एडिटर लगेच हटकतो. ही सोय फारच छान.

कात्रजच्या नळापाशी मात्र गाडी अडते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं, तो हा नळ. माणसानं बांधलेला, म्हणून 'वॉटरवे'समोर 'कनाल' (कालवा), इथवर ठीक. पण 'कल्व्हर्ट' म्हणजे रस्त्याखालची आखूड मोरी, आणि हा तर किलोमीटरच्या किलोमीटर गेलेला दगडी बोगदा. लांब बोगद्याला 'टनेल'मध्ये 'फ्लडेड' (पाण्याने भरलेला) हा पर्याय आहे, पण ते पाण्यामुळे माणसाला आत जाताच येत नाही अशा जागेसाठी. शेवटी 'टनेल'समोर साधं 'यस', म्हणजे नुसतं 'हो', लिहावं लागतं. 'लेयर'वरून खोलीही कळत नाही. काय कशाच्या खाली, एवढंच.

माझी खरी तक्रार पुढे आहे. नळावर ठिकठिकाणी हवेसाठी आणि आत उतरण्यासाठी बांधलेल्या उच्छ्वासांपैकी दोहोंमधली रेघ अंदाजाने काढलेली असो की आत उतरून मोजलेली, नकाशावर दोन्ही सारख्याच ठाम दिसतात. रेघ कशाच्या आधारावर काढली ते 'नोट' या रकान्यात लिहिता येतं, पण नुसता नकाशा बघणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून मी आधी उच्छ्वास आणि हौद बिंदू म्हणून नोंदवते. ते कुणालाही जाऊन तपासता येतात. रेघ नंतर, खात्री असेल तिथेच.

पाचपैकी चार गुण. ओढ्याकाठच्या सोसायट्यांनी आणि नगररचनेच्या विद्यार्थ्यांनी जरूर वापरावा. सध्या नागझरी ओढ्याचे पेठांमधले झाकलेले तुकडे तपासतेय. त्या बाजूला राहत असाल तर पाणी कुठे स्लॅबखाली शिरतं आणि कुठे बाहेर येतं, ते बघून नकाशावर टाका.