कोबॉटच्या स्टेशनवर नासा-टीएलएक्स : महिनाभराचा अनुभव

कोबॉट (माणसाच्या शेजारी उभा राहून काम करणारा रोबॉट) बसवल्यावर प्रॉडक्शन किती वाढले हे काउंटर सांगतो; शेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरवर किती ताण येतो हे मोजायला मात्र आमच्या चाकणच्या कारखान्यात काहीच नव्हते, म्हणून स्क्रू आवळण्याच्या स्टेशनवर आम्ही नासा-टीएलएक्स ही कामाचा भार मोजणारी प्रश्नावली महिनाभर वापरून पाहिली. नासाच्या एम्स केंद्रातील सॅन्ड्रा हार्ट आणि सॅन होजे स्टेट विद्यापीठातील लोवेल स्टेव्हलंड यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली फुकट मिळते. तीत सहा पट्ट्यांवर खुणा करायच्या असतात: बौद्धिक भार, शारीरिक भार, वेळेची घाई, कामगिरी, मेहनत आणि वैताग. कोणत्या पट्टीला किती वजन द्यायचे हे ठरवणाऱ्या १५ जोड्यांच्या तुलना शिफ्ट सुटताना कोणी मनापासून भरत नाही. त्या आम्ही गाळल्या, आणि पुष्कळ संशोधकही गाळतात.

खरी अडचण भाषेची आली. सहाव्या पट्टीला आम्ही आधी ‘नैराश्य’ म्हटले, तेव्हा सगळ्यांच्या खुणा शून्याजवळ होत्या (सुपरवायझरच्या हाती नैराश्य कोण लिहून देणार?), ‘वैताग’ हा शब्द घातल्यावर पट्टी बोलू लागली. कामगिरीची पट्टी तर मुळातच उलटी आहे, म्हणजे तिच्या डाव्या टोकाला ‘उत्तम’ आणि उजव्या टोकाला ‘अपयश’ असते. अनुवादात हे ठळक न करण्याची चूक आमचीच, आणि तिच्यापायी पहिल्या आठवड्याचे कागद बाद करावे लागले.

त्यानंतरचे निकाल मात्र उपयोगी ठरले. शारीरिक भार अपेक्षेप्रमाणे उतरला, पण घाई आणि वैताग हाताने काम चालत असतानापेक्षा वर गेले. एका ऑपरेटरताईंनी कारण सांगितले: “हात दुखत नाहीत साहेब, पण तो थांबला की मी थांबायचं, तो निघाला की मी पळायचं.” दोघांच्या मध्ये चार सुट्या भागांचा ट्रे ठेवून त्यांना कोबॉटच्या पुढे काम करून ठेवण्याची सोय दिली, तेव्हा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) तोच राहूनही दोन्ही पट्ट्या खाली आल्या.

तरीही ही मोजणी कामाच्या भाराची आहे, स्वास्थ्याची नव्हे. कोबॉटवर विश्वास बसला का, उद्या नोकरी राहील का, हे ती विचारत नाही. कोबॉटचा धक्का शरीराच्या २९ ठिकाणी कितपत चालेल याच्या मर्यादा कोबॉटच्या सुरक्षिततेविषयीच्या २०१६ च्या आयएसओ/टीएस १५०६६ या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात आहेत, पण मनावरच्या भाराचा आकडा तिथेही मिळत नाही. त्यासाठी आम्ही कागदाच्या पाठीमागे दोन ओळी मोकळ्या सोडतो आणि नाव किंवा टोकन क्रमांक लिहू देत नाही.